नकाराची किंमत कोणी मोजायची?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ खटल्याचा निकाल दिला आणि सरकारी शाळांत गोऱ्या-काळ्या मुलांना वेगळे ठेवणे घटनाबाह्य ठरले. ही तारीख जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. तिच्या शंभर वर्षे बारा दिवस आधी, ५ मे १८५४ च्या पत्रात, ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाने हिंदुस्थानातल्या सरकारी शाळांसाठी एक तत्त्व घालून दिले होते : केवळ जातीच्या कारणावरून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारायचा नाही. ही तारीख आपल्याकडेही फारशी कुणाला ठाऊक नसते, आणि त्यात नवल नाही, कारण तिने फारसे काही घडले नाही. निजामाने मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिले, त्यात वाशीमही आले. म्हणजे या मुलखात इंग्रजी अंमल येऊन वर्ष पुरे व्हायच्या आत महार-मांगांच्या मुलांना सरकारी शाळेत घेण्याचे तत्त्व कंपनीने कागदावर मान्य केले होते. कागदाचाच हिशेब धरला तर वाशीमचे पोर ‘ब्राउन’ खटल्यातल्या टोपेकाच्या मुलीपेक्षा शतकभर पुढे होते. प्रत्यक्षात शाळा असली तरी त्याची जागा ओसरीवर होती. या अंतराचा आढावा घेताना माझे म्हणणे एकच आहे. शाळेतला जातीचा पडदा हक्क जाहीर झाल्याने हटला नाही. शिवाशिव पाळणारा नकार देतो तेव्हा त्या नकाराची किंमत कोणी मोजायची, हा खरा प्रश्न होता. ती नाकारलेल्या मुलाकडून वसूल होत राहिली तोवर कायदे नुसते साठत गेले. ती नाकारणाऱ्याच्या अंगावर आली, तिथेच काही हलले.

अमेरिकेशी तुलना करताना एक फरक आधी नीट पाहायला हवा. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत वेगळ्या शाळा ही कायद्याची आज्ञा होती; १८९६ च्या ‘प्लेसी’ निकालाने तिला न्यायालयाचा शिक्काही मिळाला होता. त्यामुळे पाडायला समोर एक भिंत होती. आपल्याकडे महाराच्या मुलाला बाहेर बसवा, असे सांगणारा सरकारी कायदा नव्हताच. आज्ञा रूढीची होती आणि सरकार तिच्याकडे पाठ करून उभे होते. ही पाठ कशी केली जाते, याचा नमुना १८५६ मध्ये धारवाडला मिळतो. तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात होते. एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला, तो नाकारला गेला, त्याने वर अर्ज केला. मुंबई सरकारचे उत्तर वाचण्यासारखे आहे. मुलाची बाजू न्यायाची आहे हे त्यांनी नाकारले नाही. पण एकाला आत घेतले तर बाकीचे सगळे निघून जातील आणि शाळा बहुसंख्यांच्या उपयोगाची राहणार नाही, म्हणून नकार. कलकत्त्याच्या हिंदुस्थान सरकारने यावर बंगालमध्ये असा नकार दिला गेला नसता, असे कळवले. संचालक मंडळाने आपले जुने तत्त्व पुन्हा सांगितले. १८६३ मध्ये भारतमंत्र्यांनी ते तिसऱ्यांदा सांगितले. तत्त्व दर वेळी शाबूत राहिले आणि मुलगा दर वेळी बाहेर. धारवाडच्या उत्तरातला हिशेब मात्र पुढची शंभर वर्षे टिकला : उठून जाण्याची धमकी देणारे अनेक आणि आत येऊ पाहणारा एक, तेव्हा तोटा त्या एकाच्या खात्यावर मांडायचा.

१८८२ च्या हंटर शिक्षण आयोगाने हाच हिशेब सभ्य भाषेत नियम करून ठेवला. आयोगाने १८५४ चे तत्त्व पुन्हा मान्य केले, सरकारी, नगरपालिकेच्या आणि स्थानिक निधीच्या सर्व शाळांना लागू केले, आणि त्याला दोन पुरवण्या जोडल्या. तत्त्व लागू करताना सावधगिरी बाळगावी, ही पहिली. विशिष्ट वंशांसाठी राखलेल्या शाळा त्यातून वगळाव्यात, ही दुसरी. म्हणजे युरोपियनांच्या शाळा सुटल्या. सावधगिरीमागे अनुभव होता, हे खरे. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात अंत्यजांची मुले घेतल्यावर मोठ्या मोठ्या शाळा वर्षानुवर्षे ओस पडल्या आणि एका ठिकाणी त्या लोकांच्या झोपड्या आणि पिके जाळली गेली, अशी नोंद त्या काळच्या सरकारी कागदांत आहे. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे काळ्या मुलांना शेजारी बसवण्यापेक्षा सगळ्या सरकारी शाळाच बंद ठेवल्या, ती याचीच पुढची आवृत्ती म्हणायची. खेडा जिल्ह्यातल्या घटनेचे दोन अर्थ काढता येतात. लोकक्षोभ एवढा असेल तर जपून पावले टाका, हा एक. जाळपोळ करणाऱ्याला दंड करा आणि शाळा चालू ठेवा, हा दुसरा. हंटर आयोगाने पहिला काढला. त्याच आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ च्या निवेदनात जोतीराव फुले सांगत होते की शिक्षणाचा खर्च शेतकरी-कष्टकऱ्यांच्या करातून निघतो आणि लाभ वरच्यांना मिळतो. पैशाची वाट कुठून कुठे जाते, हे त्यांनी आयोगापेक्षा स्वच्छ पाहिले होते.

वेगळेपणाची ही व्यवस्था जवळून पाहिली तर तिचे तीन थर दिसतात. पहिला दाराचा : नाव दाखल होणे. दुसरा बैठकीचा : नाव दाखल झाले तरी मुलगा ओसरीवर किंवा वर्गाच्या कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर, संध्याकाळी तो तुकडा परत घरी, कारण शाळेतला माणूस त्याला हात लावणार नाही. मास्तरांनी पाटी हातात न घेता लांबूनच पाहायची, फळ्यामागे डबे ठेवलेले असतील तर या मुलाने फळ्याजवळ जायचे नाही. तिसरा थर पाण्याचा. रांजणातले पाणी ओगराळ्याने वरून ओतणारा कोणी असेल तरच प्यायचे. साताऱ्याच्या सरकारी शाळेत शिकलेल्या भीमराव आंबेडकरांनी लिहून ठेवले आहे की शिपाई हजर नसला की त्या दिवशी पाणी नाही. ही शाळा सरकारी होती, १८५४ चे तत्त्व तिला लागू होते, आणि मुलाचे नावही पटावर होते. सरकारी अहवालातल्या तक्त्यात असा मुलगा ‘सर्वसामान्य शाळेत शिकणारा’ म्हणूनच मोजला जाई. दार उघडल्याची आकडेवारी आणि ओसरीवरचे गोणपाट एकाच वेळी खरे असू शकतात, हे ध्यानात घेतले नाही तर या सगळ्या इतिहासाचे वाचन चुकते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. वेगळ्या शाळा नसत्या तर या मुलांना अक्षरओळख तरी कोणी करून दिली असती? फुल्यांनी पुण्यात महार-मांगांसाठी स्वतंत्र शाळा काढल्या. त्यातल्या एका शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला. नागपुरात किसन फागूजी बनसोडे यांनी मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा चालवली. अमेरिकेतही डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९३५ मध्ये हाच प्रश्न उभा केला आणि निष्कर्ष काढला की द्वेष करणाऱ्या शिक्षकाच्या मिश्र वर्गापेक्षा आपुलकीची वेगळी शाळा बरी. हे सगळे मला मान्य आहे. पण वंचितांनी स्वतःसाठी काढलेली शाळा आणि सरकारने वरच्यांच्या सोयीसाठी काढलेली ‘अंत्यज शाळा’ यांना एका मापाने मोजता येणार नाही. पहिली दाराबाहेर थांबावे लागलेल्यांनी उभारलेली. दुसरी त्यांना बाहेरच ठेवण्याची सोय, एक शिक्षक, एक खोली आणि वरचे वर्ग नाहीत. आंबेडकरांचे धोरण या बाबतीत बोलके आहे. त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला काढले ते वसतिगृह, मुलांनी शिकायला गावच्या शाळेतच जावे म्हणून. पुढे १९४५ च्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ आणि मिलिंद ही महाविद्यालये काढली, तीही सर्व जातींना खुली. राहण्या-जेवण्याची स्वतंत्र व्यवस्था मागायची आणि वर्ग मात्र एकच मागायचा, हा त्यातला विवेक होता. १९२९ च्या हार्टोग समितीने देशभरचा पुरावा पाहून वेगळ्या शाळांऐवजी मिश्र शाळांच्या बाजूने कौल दिला, तेव्हा सरकारी शहाणपण उशिराने का होईना त्याच जागी पोहोचले.

मराठी मुलखात नकाराची किंमत उलटी फिरवण्याचा पहिला खणखणीत प्रयोग कोल्हापूरचा. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षीच्या त्यांच्या आदेशांचा रोख असा होता की या मुलांना समतेने वागवणे ज्या नोकराला जमणार नाही त्याने राजीनामा द्यावा. धारवाडच्या अगदी उलटे : जायचे असेल तर नाराज माणसाने जावे. संस्थानाधिपतीला हे जमते, लोकनियुक्त राज्यात जमत नाही, असे कोणी म्हणेल. म्हणून सी. के. म्हणजेच सीताराम केशव बोले यांचे उदाहरण महत्त्वाचे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला : सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, सरकारी शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले. सरकारने तसे परिपत्रक काढले. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला, आणि तरीही १९२७ मध्ये त्या तळ्याचे पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला. मात्र महाडच्या आधीच, ऑगस्ट १९२६ मध्ये, बोल्यांनी दुसरा ठराव आणला होता, आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षा मोठा आहे : जी नगरपालिका वा बोर्ड हा ठराव अमलात आणणार नाही तिला सरकारने अनुदान देऊ नये. पहिल्या ठरावाने हक्क सांगितला, दुसऱ्याने बिल कोणाच्या नावे फाडायचे ते सांगितले. इतिहासाच्या पुस्तकांत पहिल्यालाच जागा मिळते.

वऱ्हाडची गोष्ट थोडी आडवळणाची आहे, कारण हा मुलूख कायद्याने कोणाचा, हेच दीर्घकाळ त्रांगडे होते. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले. स्वतंत्र असलेला वाशीम जिल्हा १९०५ मध्ये मोडून मुख्यतः अकोल्यात घातला गेला, तो पुन्हा वेगळा झाला थेट १ जुलै १९९८ ला. त्यामुळे मुंबईचे ठराव इथे लागू नव्हते आणि वाशीमच्या पोरांचा निर्णय नागपुरात होत होता. त्या नागपुरात मे १९२० च्या अखेरीस शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. वऱ्हाडचे गणेश आक्काजी गवई मध्यप्रांताच्या कायदेमंडळात अस्पृश्यांच्या वतीने बोलत होते. अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या सत्याग्रहाला बळ दिले आणि जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर सार्वजनिक विहिरी खुल्या करण्याचे पाऊल उचलले. विहिरीचा प्रश्न शाळेच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही, हे जिल्हा कौन्सिल चालवणाऱ्याला समजत होते : शाळेतला रांजण गावच्याच विहिरीवरून भरला जाई. कायद्याचे स्पष्ट कलम मात्र यायला १९४७ उजाडावे लागले. त्या वर्षी मध्यप्रांत व वऱ्हाडात अनुसूचित जातींच्या नागरी निर्बंध निवारणाचा कायदा आणि मंदिर प्रवेशाचा कायदा असे दोन कायदे झाले. वाशीमपुरती कायदेशीर शेवटाची तारीख द्यायचीच तर ती इथून सुरू होते, दिल्लीपासून नाही.

राज्यघटनेच्या पंधराव्या, सतराव्या आणि एकोणतिसाव्या अनुच्छेदांविषयी इतके लिहिले गेले आहे की इथे थांबत नाही. १ जून १९५५ पासून अमलात आलेला अस्पृश्यता (अपराध) कायदा अधिक बारकाईने वाचायला हवा. त्याच्या पाचव्या कलमाने शैक्षणिक संस्थेत आणि वसतिगृहात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवला, आणि प्रवेश दिल्यानंतर भेदाने वागवणे हाही. म्हणजे ओसरीवरचे गोणपाट देशाच्या कायद्याच्या नजरेत पहिल्यांदा आले. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण फिर्याद कोणी करायची? ज्याच्या बापाला सकाळी त्याच पाटलाच्या वावरात कामाला जायचे आहे, त्याने. शिवाय दोषी ठरलेल्या संस्थेचे सरकारी अनुदान रोखण्याची तरतूद या कायद्यात होती, ती फक्त देवस्थानांसाठी. शाळा आणि वसतिगृहे त्या कलमात आली १९७६ च्या दुरुस्तीने, जेव्हा कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. बोल्यांच्या दुसऱ्या ठरावातली कल्पना शाळांपुरती देशाच्या कायद्यात यायला बरोबर पन्नास वर्षे लागली.

याच सुमाराला महाराष्ट्रात एक खटला झाला, आणि तो शब्दशः वंशाच्या रेषेचा होता. जानेवारी १९५४ मध्ये मुंबई सरकारने हुकूम काढला की इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाच्या मुलांखेरीज कोणाला नवा प्रवेश देऊ नये. हेतू देशी भाषांचा प्रसार हा होता. परिणाम असा की देवळालीच्या बार्न्स हायस्कूलला भारतीय मुले घेण्याची बंदी झाली, आणि तीही स्वतंत्र भारतात, सरकारकडून. मुंबई उच्च न्यायालयाने हुकूम रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २६ मे १९५४ रोजी, ‘ब्राउन’ निकालानंतर नवव्या दिवशी, तो निर्णय कायम केला. हेतू कितीही चांगला असो, प्रवेश कोणत्या कारणाने नाकारला गेला ते पाहायचे, असे न्यायालयाने सांगितले. हंटर आयोगाने वगळून ठेवलेला वंशाचा कप्पा बहात्तर वर्षांनी असा मोडला. गंमत अशी की इथे शाळा मुले घ्यायला तयार होती. म्हणून निकाल लागताच प्रश्न संपला. नकार देणारे सरकार एकटे होते आणि हरल्यावर त्याने ऐकले. गावच्या शाळेत नकार देणारे गाव असते, त्याला निकालाची प्रत पोहोचत नाही.

दुसरा आक्षेप असा की हे सगळे काळाने केले, कायद्याने नव्हे. एस.टी. आली, नळ आला, हापशी आली, माणसे शहरात गेली, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धर्मांतर झाले आणि वस्त्यांनी मान वर केली. कलमे नुसती साक्षीला होती. यात बरेच तथ्य आहे. रांजणात ओगराळे बुडते, नळाच्या तोटीत काही बुडत नाही. पाण्याच्या थरावरचा विटाळ प्लंबरने निम्मा कमी केला म्हटले तरी चालेल. पण काळाच्या भरवशावर सोडले तर काय होते, याचा पुरावा अमेरिकेत आकड्यांत मिळतो. ‘ब्राउन’ निकालानंतर दहा वर्षांनीही दक्षिणेतल्या दर शंभर काळ्या मुलांपैकी जेमतेम एक-दोन मुले गोऱ्या मुलांबरोबर शिकत होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने भेदभाव करणाऱ्या संस्थेचा संघराज्याचा निधी तोडण्याची तरतूद केली, १९६५ मध्ये शाळांना तो निधी भरघोस मिळू लागला, आणि १९६८ पर्यंत हे प्रमाण तिशीपलीकडे गेले. काळ तोच, माणसे तीच; हिशेब बदलला. आपल्याकडेही पैशाने बांधलेल्या गोष्टीच टिकल्या. १९४४ मध्ये सुरू झालेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीने महाविद्यालयाला दलित विद्यार्थी हा फीचा स्रोत म्हणून दिसू लागला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि मास्तर गावचा न राहता बदलीचा झाला. गावकीचा धाक त्याच्यावर कमी, साहेबाचा जास्त. वर्गात लांबच लांब तरटपट्टी आली, शाळेच्या पैशाने घेतलेली, जिच्यावर सगळी रांग बसते. घरून आणायच्या गोणपाटाचा प्रश्नच त्या खरेदीने मिटला. पोषण आहाराच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ च्या आदेशात स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यायला सांगितले. ‘भेदभाव करू नका’ असे न सांगता खिचडी शिजवणारी बाई कोण असावी ते सांगितले. ज्याला तिच्या हातचे चालत नाही त्याने डबा आणावा. नकाराची किंमत त्याच्या घरच्या पिठाची.

तिसरा आक्षेप सुशिक्षितांच्या बैठकीत हमखास निघतो : शाळेने जात विचारणेच बंद करावे, म्हणजे भेद आपोआप जाईल. याचे उत्तर वाशीम जिल्ह्यातल्या कोणत्याही जुन्या शाळेच्या कपाटात आहे. दाखल-खारीज रजिस्टर, बाइंडिंग सुटलेले, कडा वाळवीने खाल्लेल्या. त्यात नाव, बापाचे नाव, गाव आणि जातीचा रकाना. ज्या नोंदीच्या आधारे एकेकाळी मुलाची बसायची जागा ठरली, त्याच नोंदीचा उतारा घ्यायला आज नातू येतो, कारण जात पडताळणी समिती अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० आणि विमुक्त जातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागते. ज्याचा आजा शाळेतच गेला नाही, त्याच्या हाती हा उतारा नाही. म्हणजे त्या काळच्या नकाराची वसुली तिसऱ्या पिढीकडून अजून चालू आहे. रकाना पुसला तर भेद पुसणार नाही, भेदाची नोंद तेवढी पुसली जाईल.

आता आजचे. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे बारा लाख लोकसंख्येच्या वाशीम जिल्ह्यात जवळपास पाचवा हिस्सा अनुसूचित जातींचा आहे. २०१८ पासून तो नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. ओसरीवर कोणाला बसवले जात असल्याचे आज कोणी सांगणार नाही. पण वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर यांच्या आसपासच्या गावांत सकाळी पिवळी व्हॅन येते आणि ऐपतीची पोरे ‘कॉन्व्हेंट’ला घेऊन जाते, जिल्हा परिषदेच्या शाळेत उरतात ती बौद्धवाड्याची, मांगवाड्याची, पारध्यांची, शेतमजुरांची. धारवाडला भीती होती की एक आत आला तर बाकीचे उठून जातील. ते उठून गेले, फक्त दीडशे वर्षे उशिरा, आणि फी भरून. यावर म्हटले जाते की हा वर्गाचा प्रश्न आहे, जातीचा नाही. फी भरणाऱ्या दलिताला कॉन्व्हेंट नाकारत नाही. खरे आहे, आणि हा मोठा बदल आहे. परंतु जमीन, नोकरी आणि उधारीची पत जिथे जातीने वाटली गेली तिथे फीची चाळणी कोणाला खाली पाडते, हे सांगायला समाजशास्त्र लागत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या बाराव्या कलमाने खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखल्या. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. या मुलांच्या फीची शासनाकडून होणारी प्रतिपूर्ती थकते अशी संस्थाचालकांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे : आत घेणाऱ्याला तोटा होत असेल तर हिशेब पुन्हा उलटा झाला. शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये यावर काढलेला मार्ग मात्र अस्सल धारवाडी होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट. राज्याची थकबाकी मिटवण्याऐवजी मुलाची जागाच मिटवली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती अधिसूचना रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही.

मानोरा आणि मालेगाव तालुक्यांतल्या तांड्यांना मात्र हा सारा वाद लागूच होत नाही, कारण एक किलोमीटरच्या आत खासगी शाळाच नाही. बंजारा तांडा मुळातच गावाबाहेर, तिथली शाळा तांड्याचीच. ऊसतोडीला किंवा कामाला बाहेर जाणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी विमुक्त जातींच्या आश्रमशाळा. अमरावती जिल्ह्यातल्या मंगरूळ चव्हाळ्याची ‘प्रश्नचिन्ह’ ही फासेपारधी मुलांची आश्रमशाळा याच प्रकारची गरज सांगते. आश्रमशाळा नको म्हणणे म्हणजे त्या पोरांना पुन्हा चौकात भीक मागायला उभे करणे. म्हणून मी त्यांना विभक्त शाळा म्हणून दोष देणार नाही. वसतिगृह राखून वर्ग गावच्या शाळेत का नसावा, ही सोलापूरची जुनी मागणी मात्र इथे पुन्हा करायला हवी. उलट कमी पटाच्या शाळा मिटवून समूह शाळा करण्याचा २०२३ चा विचार वरवर पाहता मिश्रणाच्या बाजूचा वाटतो. तांड्यावरून समूह शाळेपर्यंतच्या गाडीचा खर्च कोण करणार हे ठरले नाही, तर पाचवीतल्या मुलीचे नाव पटावर आणि ती घरी, एवढेच होईल. प्रत्येक शाळेतल्या मुलांची सामाजिक प्रवर्गवार संख्या शाळांच्या माहितीच्या यू-डायस या सरकारी प्रणालीत दर वर्षी भरली जाते. कोणत्या गावची शाळा एकाच वस्तीची उरली आहे, हे जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला संगणकावर दिसते. अनुदान, मान्यता आणि वाहतुकीचा पैसा यांपैकी एकही गोष्ट अजून त्या आकड्याला बांधलेली नाही.